निचऱ्याचे शास्त्र : आनुवंशिक अल्झायमरच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोलंबियातल्या अँटिओकिया प्रांतात एका मोठ्या कुळाचा विस्तार आहे. त्यातल्या सुमारे १२०० जणांच्या १४व्या गुणसूत्रावर, प्रेसेनिलिन-१ या जनुकात, एकच बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. तो ज्याच्या वाट्याला येतो त्याची स्मरणशक्ती साधारण चव्वेचाळिसाव्या वर्षी ढासळू लागते आणि पन्नाशीच्या आसपास स्मृतिभ्रंश त्याला गाठतो. या नियमाला एक अपवाद निघाला. त्याच कुळातल्या एका स्त्रीकडे तोच बदल होता, तिच्या मेंदूत अमिलॉइड प्रथिन प्रचंड प्रमाणात साचले होते, तरीही सत्तरी गाठेपर्यंत तिची स्मृती शाबूत राहिली. नोव्हेंबर २०१९मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात तिची हकिगत प्रसिद्ध झाली. तिच्याकडे आणखी एका जनुकातला एक दुर्मीळ बदल आईकडून आणि वडिलांकडून, असा दोन्हीकडून आलेला होता. त्या बदलाचे नाव ‘क्राइस्टचर्च’.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे हे शहर. तिथल्या वॉर्डेल, ब्रेनन, कॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली, रक्तातल्या मेदाचा विकार असलेल्या एका रुग्णात, अपोलिपोप्रोटीन-ई या प्रथिनाचा एक नवा प्रकार शोधला आणि प्रथेप्रमाणे त्याला आपल्या गावाचे नाव दिले. या प्रथिनाचा अल्झायमरशी काही संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. तो संबंध १९९३ साली उघड झाला, आणि क्राइस्टचर्चच्या त्या नोंदीचे मोल कळायला एकूण ३२ वर्षे जावी लागली.

या शास्त्राच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाचे स्वागत करताना मी हीच हकिगत आधी सांगतो, कारण या क्षेत्राचा गाभा तिच्यात आहे. कोणते प्रथिन किती आणि कोणत्या रूपात बनेल, हे वारसा ठरवतो. ते बनल्यावर त्याचे काय होईल, हे ठरवण्यात पेशींचा मोठा वाटा असतो. मोडतोड, वाहतूक, विल्हेवाट ही सारी कामे त्यांच्याकडे आहेत आणि तिथे माणसाच्या प्रयत्नाला वाव आहे. ज्यांच्या घरात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांना द्यायला आपल्याकडे आज जी काही आशा आहे, तिचा बराचसा भाग या निचऱ्याच्या अभ्यासातून आलेला आहे.

आजार आणि त्याचा वारसा

अल्झायमर झालेल्या बहुतेकांना तो उतारवयात होतो आणि त्यामागे अनेक जनुके, वय, रक्तवाहिन्यांचे आरोग्य अशी कारणे एकत्र आलेली असतात. केवळ एका जनुकातल्या बदलामुळे होणारा, आईवडिलांपैकी एकाकडून मुलाकडे सरळ उतरणारा प्रकार एक टक्क्याहूनही कमी रुग्णांमध्ये आढळतो. तरीही या क्षेत्राचे मूलभूत ज्ञान या मोजक्या कुटुंबांनीच आपल्याला दिले आहे. त्यांच्यात आजाराचे मूळ कारण एकच असते आणि ते नेमके ठाऊक असते. शिवाय आजार साधारण कोणत्या वयात येणार, हे आधी सांगता येते. त्यामुळे लक्षणे दिसण्याच्या वीस-वीस वर्षे आधी मेंदूत काय घडते, हे पाहण्याची सोय तिथेच मिळते.

अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले आणि १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या : पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता. पुटे कशाची आहेत हे कळायला १९८४ साल उजाडले. ग्लेनर आणि वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बीटा-अमिलॉइड हे लहानसे प्रथिन वेगळे काढले. पुढच्याच वर्षी मास्टर्स आणि बायरॉयथर यांच्या गटांनी तेच प्रथिन पुटांमध्ये दाखवले. आतला गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा असतो, हेही त्याच दशकात स्पष्ट झाले.

बीटा-अमिलॉइड हा अमिलॉइड-पूर्वप्रथिन, म्हणजे एपीपी, या मोठ्या प्रथिनाचा तुकडा. एपीपी पेशीच्या पटलात आरपार रोवलेले असते. त्याला आधी बीटा-सिक्रेटेज हे विकर बाहेरच्या बाजूने कापते आणि मग गॅमा-सिक्रेटेज हे दुसरे विकर पटलाच्या आतच कापते. या दुसऱ्या विकराचे पाते म्हणजेच प्रेसेनिलिन. कापणी थोडी इकडे झाली तर ४० अमिनो आम्लांचा तुकडा पडतो, थोडी तिकडे झाली तर ४२चा. दोनच आम्लांचा फरक, पण ४२चा तुकडा कितीतरी अधिक चिकट असतो आणि चटकन गोळा होतो. १९९१ साली एपीपी जनुकात आणि १९९५ साली प्रेसेनिलिन-१ व प्रेसेनिलिन-२ या जनुकांत रोगकारक बदल सापडले. आनुवंशिक अल्झायमरची ज्ञात कारणे प्रामुख्याने या तीन जनुकांत आहेत, आणि ती सारी याच कापणीशी निगडित आहेत.

एपीपी कापण्याची आणखी एक वाट आहे. अल्फा-सिक्रेटेज हे विकर बीटा-अमिलॉइडच्या मधल्या भागातच छेद घेते, त्यामुळे तो घातक तुकडा पडतच नाही आणि एसएपीपी-अल्फा नावाचा उपयुक्त तुकडा सुटा होतो. या तुकड्याचा अभ्यास ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात क्लिफ अब्राहम आणि वॉरन टेट यांच्या गटांनी दीर्घकाळ केला आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत हा तुकडा स्मरणाशी निगडित असलेले चेतासंधींचे बळ वाढवण्यास मदत करतो, असे त्यांना दिसले. एकाच प्रथिनाच्या पोटी हानी आणि संरक्षण दोन्ही असावे, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याने मनात पक्की करावी. प्रथिन वाईट नसते. ते कुठे कापले जाते, किती काळ टिकते आणि कोणाच्या हाती लागते, यावर त्याचा परिणाम ठरतो.

जमा आणि खर्च

बीटा-अमिलॉइड निरोगी माणसाच्या मेंदूतही रोज बनते. मग ते काहींमध्येच का साचते? नळ नेहमीसारखा चालू असताना मोरी अर्धी तुंबली, तरी न्हाणीघरात पाणी चढतेच. उतारवयातल्या अल्झायमरमध्ये असेच काहीसे घडत असावे, ही शंका जुनी होती. तिला आकड्यांचा आधार २०१० साली मिळाला.

तो प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रँडल बेटमन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या शिरेतून कित्येक तास ल्युसिन हे अमिनो आम्ल दिले. ते साधे नव्हते. त्यातले कार्बनचे अणू नेहमीपेक्षा किंचित जड, पण किरणोत्सर्गी नसलेल्या प्रकारचे होते. मेंदूतल्या पेशी हेच ल्युसिन वापरून नवी प्रथिने घडवू लागल्या, त्यामुळे नव्या बीटा-अमिलॉइडवर जडपणाची खूण उमटली. पाठीच्या कण्यात घातलेल्या बारीक नळीतून तासातासाला थोडा मेरुद्रव काढून वस्तुमानमापकावर तपासला, की खूण असलेले प्रथिन किती वेगाने वाढते आणि ल्युसिन बंद केल्यावर किती वेगाने ओसरते, हे कळते. अल्झायमरचे १२ रुग्ण आणि १२ निरोगी माणसे यांची तुलना झाली. अमिलॉइड बनण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच होता. ओसरण्याचा वेग निरोगी माणसांत तासाला ७.६ टक्के, तर रुग्णांत ५.३ टक्के निघाला. जमा तेवढीच आणि खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी. गट लहान होता, हे खरे. पण त्या दिवसापासून ‘निचरा’ हा शब्द या क्षेत्राच्या मध्यभागी आला.

आनुवंशिक आजारात पारडे जमेच्या बाजूने आधीच झुकलेले असते, कारण ४२च्या चिकट तुकड्याचे प्रमाण जन्मापासून जास्त असते. तरीही कोलंबियातले वाहक चाळीस वर्षे निरोगी जगतात. ती चाळीस वर्षे पेशी हा भार कसा वाहतात आणि पुढे काय कमी पडते, हे या शास्त्राचे मोठे प्रश्न आहेत.

पेशीच्या आतले मार्ग

पेशीच्या आत बिघडलेल्या प्रथिनांची विल्हेवाट मुख्यतः दोन मार्गांनी लागते. पहिल्यात नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी जोडली जाते आणि प्रोटिएसोम नावाची पिंपासारखी रचना ती खूण ओळखून त्याचे तुकडे करते. या शोधासाठी चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४चे नोबेल मिळाले. हा मार्ग सुट्या, उलगडता येणाऱ्या प्रथिनांसाठी चांगला. गोळे झाल्यावर ते त्या पिंपाच्या तोंडातून आत जात नाहीत.

गोळ्यांसाठी दुसरा मार्ग लागतो, तो ऑटोफॅजीचा, म्हणजे स्वयंभक्षणाचा. पेशी नको असलेल्या ऐवजाभोवती दुहेरी पटल विणते आणि तयार झालेली पिशवी लयकारिकेशी जोडते. शाळेच्या पुस्तकात ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणून भेटलेली लयकारिका ती हीच. क्रिस्तियां द दूव यांनी १९५५ साली तिचे वर्णन केले. योशिनोरी ओसुमी यांनी १९९०च्या दशकात यीस्टमध्ये स्वयंभक्षणाची जनुके शोधली आणि २०१६ साली त्यांना नोबेल मिळाले. लयकारिकेतली विकरे काम करण्यासाठी आतला सामू ४.५ ते ५च्या दरम्यान राहावा लागतो. त्यासाठी तिच्या भिंतीतला एक पंप ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन सतत आत ढकलतो. पंप मंदावला की आम्लता घटते, विकरे सुस्तावतात आणि आत आलेला ऐवज तसाच पडून राहतो.

चेतापेशीच्या बाबतीत हे सारे अधिक कठीण होते. इतर बऱ्याच पेशी विभाजनाच्या वेळी आपला जुना भार दोन पेशींत वाटून टाकतात. चेतापेशी विभाजित होत नाही. जन्मभराचा हिशेब तिला एकटीलाच मिटवावा लागतो. शिवाय तिचा अक्षतंतू मीटरभर लांब असू शकतो. त्याच्या टोकाशी बनलेली स्वयंभक्षणाची पिशवी एवढे अंतर कापून पेशीच्या मुख्य भागाकडे यावी लागते, कारण पुरेशा ताकदीच्या लयकारिका तिथे असतात. २००६ साली जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या चेतापेशींत स्वयंभक्षणाची जनुके बंद केली. बाहेरून कोणतेही घातक प्रथिन न घालता त्या पेशींत प्रथिनांचे गोळे साचले आणि चेतापेशी मेल्या. रोजचा निचरा जगण्यासाठी किती आवश्यक आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे अवघड.

इथे प्रेसेनिलिन पुन्हा समोर येते. राल्फ निक्सन यांच्या गटाने २०१० साली असे मांडले की प्रेसेनिलिन-१ लयकारिकेचा आम्लपंप नीट घडवायलाही मदत करते आणि रोगकारक बदल असलेल्या रुग्णांच्या पेशींत ही आम्लता कमी पडते. असे असेल तर एकाच जनुकातला बिघाड जमा वाढवतो आणि खर्चही रोखतो. पुढे दोन गटांना आम्लतेतला हा फरक आढळला नाही, आणि लयकारिकेतल्या कॅल्शियमच्या बिघाडाकडे लक्ष वळले. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. २०२२ साली निक्सन यांच्याच गटाने उंदरांत आणि मानवी मेंदूत असे दाखवले की काही चेतापेशींत अमिलॉइडने गच्च भरलेल्या, न पचलेल्या पिशव्या केंद्रकाभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या फुगतात, आणि बाहेर दिसणारी बरीच पुटे अशा मेलेल्या पेशींच्या जागीच उरतात. बाहेरची पुटे ही आतल्या तुंबण्याची परिणती असेल, तर उपचार कुठे आणि केव्हा करायचा याचा विचारच बदलावा लागेल. नव्या वाचकाला माझी विनंती आहे की या वादाच्या दोन्ही बाजूंचे मूळ लेख त्याने स्वतः वाचावेत. मतभेद कसे मांडावेत आणि कसे तपासावेत, याचे उत्तम शिक्षण तिथे मिळते.

पेशीच्या बाहेर

पेशीबाहेर पडलेल्या अमिलॉइडसाठी वेगळ्या वाटा आहेत. नेप्रिलायसिनसारखी विकरे त्याचे तुकडे करतात. काही भाग रक्तवाहिन्यांच्या भिंती ओलांडून किंवा त्यांच्या कडेकडेने वाहून मेंदूबाहेर जातो. झोपेत मेंदूतला द्रव वेगाने फिरतो आणि सफाई वाढते, ही कल्पना २०१२-१३पासून लोकप्रिय झाली. तिच्यावर अलीकडे गंभीर आक्षेपही आले आहेत, म्हणून ती शिकताना जपून शिकावी. उरलेले काम मायक्रोग्लिया या मेंदूच्या संरक्षक पेशींचे. त्या पुटांना घेरतात, गिळतात आणि आपल्या लयकारिकांत पचवू पाहतात. त्यांच्या कामाशी निगडित असलेल्या ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, हे २०१३ साली कळले आणि या पेशींकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

न्यूझीलंडची परंपरा

जेमतेम ५० लाख वस्तीच्या या देशाने या शास्त्रात घातलेली भर त्याच्या आकारापेक्षा फार मोठी आहे. तिची मुळे रुग्णालयातल्या नेहमीच्या तपासण्यांत, मेंढ्यांच्या कळपांत आणि मेंदूदान करणाऱ्या कुटुंबांत आहेत.

रॉबिन कॅरेल हे क्राइस्टचर्चचे. त्यांच्या कामाची सुरुवात अस्थिर हिमोग्लोबिनपासून झाली. १९७२ साली के यांच्याबरोबर त्यांनी एक साधी चाचणी दिली. रक्तातले हिमोग्लोबिन आयसोप्रोपॅनॉलच्या सौम्य द्रावणात मिसळून ३७ अंशांवर ठेवायचे. निरोगी हिमोग्लोबिन अर्धा तास तरी स्वच्छ राहते. घडी बिघडलेले हिमोग्लोबिन पाचएक मिनिटांतच द्रावण गढूळ करते. एका परीक्षानळीत, डोळ्यांदेखत, प्रथिन घडी सोडून साका होताना दिसते. पुढे कॅरेल अल्फा-१-अँटिट्रिप्सिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाकडे वळले आणि १९८६ साली केंब्रिजला गेले. त्या प्रथिनाचे बिघडलेले रेणू एकमेकांत अडकून साखळ्या करतात आणि यकृताच्या पेशींत साचतात, हे त्यांनी डेव्हिड लोमस यांच्यासह १९९२ साली दाखवले. १९९७ साली दोघांनी अशा आजारांना मिळून ‘घडणीचे आजार’ म्हणून ओळखावे असे सुचवले, आणि १९९९ साली त्याच कुळातल्या न्यूरोसर्पिन या प्रथिनाच्या साखळ्यांमुळे होणारा आनुवंशिक स्मृतिभ्रंश प्रसिद्ध झाला. रक्त, यकृत आणि मेंदू यांना जोडणारे सूत्र एकच होते : घडी चुकलेले प्रथिन आणि ते हटवता न आलेली पेशी.

मेंढ्यांची गोष्टही याच सूत्रातली. १९७० च्या दशकात मॅसी विद्यापीठातले पशुवैद्य रॉबर्ट जॉली यांनी साउथ हॅम्पशर जातीच्या मेंढ्यांत आनुवंशिक अंधत्व नोंदवले. त्यांच्या मेंदूच्या पेशी न पचलेल्या ऐवजाने भरून जात. लहान मुलांना होणाऱ्या बॅटन आजाराचेच हे रूप होते. लिंकन विद्यापीठातले डेव्हिड पामर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली त्या ऐवजातले मुख्य प्रथिन ओळखले : तंतुकणिकेतल्या ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेचा एक लहानसा घटक, जो लयकारिकेत मोडला जायला हवा होता आणि मोडला जात नव्हता. पुढे ओटागोच्या स्टेफनी ह्यूज आणि लिंकनच्या नादिया मिचेल यांच्यासह झालेल्या जनुकोपचाराच्या प्रयोगांत, लक्षणे येण्यापूर्वी उपचार मिळालेल्या मेंढ्यांचे आजारापासून चांगले संरक्षण झाले. लक्षणे सुरू झाल्यावर उपचार मिळालेल्यांत आजाराची गती मंदावली. लवकर हात घालण्याचे महत्त्व इतक्या स्पष्टपणे दाखवणारे प्रयोग थोडेच आहेत. हा बालरोग आपल्या विषयापासून दूर वाटेल, पण तसे नाही. प्रोग्रॅन्युलिन या जनुकाची एक प्रत बिघडली तर प्रौढपणी आनुवंशिक स्मृतिभ्रंश होतो आणि दोन्ही बिघडल्या तर बॅटन आजाराचाच एक प्रकार होतो, हे २०१२ साली सिद्ध झाले.

ऑकलंड विद्यापीठात रिचर्ड फॉल यांनी उभारलेली मेंदूपेढी आणि २००९ साली स्थापन झालेले मेंदू संशोधन केंद्र हा परंपरेचा तिसरा धागा. इथल्या मेंदूपेढीचा पाया हंटिंग्टन आजाराने ग्रासलेल्या कुटुंबांच्या दानातून घातला गेला. माओरी परंपरेत मस्तक हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग. त्यामुळे मेंदूवरचे संशोधन इथे समाजाला विश्वासात घेऊनच पुढे जाऊ शकते. माइक ड्रॅगुनाव यांच्या प्रयोगशाळेत अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या ऊतीतून जिवंत मानवी मायक्रोग्लिया वाढवतात. पीयू.१ हे प्रथिन या पेशींची गिळण्याची क्षमता आणि अल्झायमरशी निगडित अनेक जनुके यांवर नियंत्रण ठेवते, असे त्यांच्या गटाने दाखवले. एमा स्कॉटर यांचे कामही विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावे. टीडीपी-४३ या प्रथिनाचे सुटे रेणू मुख्यतः प्रोटिएसोम हटवतो आणि गोळे झाल्यावर स्वयंभक्षणाची गरज पडते, ही विभागणी त्यांनी लंडनमध्ये असताना २०१४ साली उलगडली.

क्राइस्टचर्चच्या बदलात नेमके काय आहे

अपोलिपोप्रोटीन-ई हे २९९ अमिनो आम्लांचे प्रथिन. त्यात १३६व्या जागी एरवी आर्जिनीन असते, ज्यावर धन विद्युतभार असतो. क्राइस्टचर्च प्रकारात तिथे सेरीन येते, ज्यावर भार नसतो. पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेटच्या ऋणभारित साखळ्या असतात. अपोलिपोप्रोटीन-ई त्यांना धरते ते मुख्यतः याच भागातल्या धनभाराच्या जोरावर, म्हणून क्राइस्टचर्च प्रकाराची पकड सैल पडते. टाऊ एका पेशीतून दुसरीत शिरते तेही या साखळ्यांच्याच आधाराने. कोलंबियातल्या त्या स्त्रीच्या मेंदूत अमिलॉइड भरपूर होते, पण टाऊचा प्रसार अनपेक्षितपणे कमी होता, याचा अर्थ लावायला इथून सुरुवात होते. डेव्हिड होल्त्झमन यांच्या गटाने उंदरांत पाहिले की हा प्रकार असताना पुटांभोवतीच्या मायक्रोग्लिया अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात, आणि अशा पेशी टाऊचे तंतू अधिक चांगले गिळून मोडतात.

तिच्याकडे या बदलाच्या दोन प्रती होत्या. एकच प्रत असली तर? २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याच कुळातल्या अशा २७ जणांचा अभ्यास आला. त्यांच्यात स्मृतीच्या तक्रारी साधारण पाच वर्षे उशिरा सुरू झाल्या. पाच वर्षे म्हणजे मुलांची शिक्षणे पुरी होण्याचा, कामावर टिकून राहण्याचा, माणसांना नावाने ओळखण्याचा काळ. निसर्गाने केलेला हा प्रयोग औषधाने साधता येईल का, यावर आज काम सुरू आहे.

उपचार कुठवर आले आहेत

अमिलॉइडवर प्रतिपिंडांची खूण करून मायक्रोग्लियांकरवी ते हटवणारी औषधे आता उपलब्ध आहेत. लेकानेमॅबला जुलै २०२३मध्ये आणि डोनानेमॅबला जुलै २०२४मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरणीचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. घसरण थांबली नाही, आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका राहतो. आनुवंशिक प्रकाराच्या वाहकांवर अशी औषधे लक्षणांच्या आधी द्यावीत का, याच्या चाचण्या २०१२पासून चालू आहेत. बरीच वर्षे औषध घेतलेल्या एका लहान उपगटात लक्षणे लांबल्याच्या खुणा २०२५ साली प्रसिद्ध झाल्या. निर्णय देण्याइतका तो पुरावा अजून मोठा नाही. साचलेले बाहेरून काढणे ही पहिली पायरी. पेशीची स्वतःची निचऱ्याची क्षमता टिकवणे ही पुढची पायरी अजून गाठायची आहे.

वाचकांसाठी

मराठीत हे लिहिण्याचे प्रयोजन स्पष्ट आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. न्यूझीलंडमध्ये २०२० साली हा आकडा ७०,०००च्या जवळ होता. आपल्या घरांत अजूनही ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय मिटवला जातो. आजोबा नागपूरला, आत्या पुण्याला, नातू ऑकलंडला, अशा पांगलेल्या कुटुंबात कोणाला कोणत्या वयात विसर पडू लागला हे एका जागी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून माझी पहिली विनंती कुटुंबांना आहे : वंशावळ लिहून ठेवा आणि प्रत्येक नावापुढे आजार सुरू झाल्याचे वय टिपा. सत्तरीनंतर सुरू झालेल्या विसराळूपणासाठी एपीपी आणि दोन प्रेसेनिलिन या तीन जनुकांची तपासणी सहसा लागत नाही. घरात लागोपाठच्या पिढ्यांत पन्नाशीच्या आसपास आजार आला असेल, तर प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा वेळी आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला आणि मगच तपासणीचा विचार करा. जाणून घेण्याइतकाच न जाणण्याचाही हक्क तुम्हाला आहे.

डॉक्टरांना सांगणे असे की साठीच्या आतल्या रुग्णाचा कौटुंबिक इतिहास विचारायला पाच मिनिटे जास्त द्या. हा सारा विषय कुटुंबांनी सांगितलेल्या इतिहासावर उभा राहिला आहे.

विद्यार्थ्यांचे मी विशेष मनापासून स्वागत करतो. इथे पशुवैद्य लागतात, रसायनशास्त्रज्ञ लागतात, आकडेवारी जाणणारे लागतात, रुग्णाच्या घरी जाऊन शांतपणे ऐकून घेणारेही लागतात. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे. महाराष्ट्राला देहदानाची मोठी परंपरा आहे. तिला मेंदूदानाची जोड मिळाली तर भारतीय मेंदूंचा अभ्यास भारतात अधिक व्यापकपणे होऊ शकेल. अनुत्तरित प्रश्नही भरपूर आहेत. जिवंत माणसाच्या चेतापेशीतला लयकारिकेचा वेग बाहेरून मोजण्याची खात्रीची पद्धत अजून हाती नाही. आनुवंशिक बदलाच्या वाहकात निचरा कोणत्या वयापासून मंदावतो, हे नेमके सांगता येत नाही. एका वाहकाला पंचेचाळिसाव्या वर्षी आजार येतो आणि त्याच्याच भावाला पंचावन्नाव्या, यामागची सगळी कारणे सापडायची आहेत.

वाचताना प्रत्येक दाव्यापाशी तीन गोष्टी विचारा : हा पुरावा उंदरातला आहे, पेशींतला आहे की माणसातला? मोजले ते बनणे, की ओसरणे? आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला हेच दिसले का? जिथे उत्तर अपुरे वाटेल तिथे समासात पेन्सिलने खूण करा आणि ती आपल्या शिक्षकांना, सहकाऱ्यांना दाखवा. क्राइस्टचर्चमधल्या लोकांनी रक्तातल्या मेदाच्या एका विकाराची नोंद १३६व्या अमिनो आम्लापर्यंत काटेकोरपणे केली, म्हणून ती ३२ वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या एका कुटुंबाच्या कामी आली. तशाच काटेकोर कामाची गरज आज निचऱ्याच्या अभ्यासाला आहे, आणि ते करायला तुम्ही यावे यासाठी हे लेखन आहे.